ताण्याला कळाय नगं

५ जानेवारी १९३८
आज पुन्हा गाडी बेडकासारखी उडाली! सांब्र्याच्या माळावर मारुतीराव शेजारी बसून खोकतही होते आणि ओरडतही होते — "क्लच सोडतोयस का लाथ मारतोयस रं?" दम्यामुळे त्यांना आपल्या सर्व्हिस मोटारीला ड्रायव्हर हवाय, म्हणून मला शिकवतायत. चूक माझी नाही, पायांची! जन्म हातमागावर गेला. एक पायपट्टी दाबली की दुसरी फटकन सोडायची. जाड्या सुतावर ते खपून जातं.

९ जानेवारी
वडिलांना, म्हणजे आप्पांना, कळलं. "इणकराचं पोर मोटार हाकनार! तू हाकशील त्या गाडीत मी पाय ठेवनार न्हाय." मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत, पण ताठा शाबूत.

१४ जानेवारी
आप्पांना तिळगूळ दिला. घेतला, खाल्ला. बोलले नाहीत.

२० जानेवारी
बायको रेशमी लुगडं विणत होती. आप्पा भिंतीला टेकून, नुसत्या आवाजावरून सांगत होते — "अंजनी, पाय टाकून देऊ नगं, पोरी. हळू उचल. पाय कवा उठला, ते ताण्याला कळाय नगं. रेशमाचा उभा धागा त्यो, हिसक्यानं तुटतोय." मी उंबऱ्यातच थांबलो. हे मलाही त्यांनी कितीदा सांगितलंय. ऐकतो कोण!

२१ जानेवारी
क्लच अर्ध्यावर आला की गाडी किंचित थरथरते. तिथंच पाय धरायचा, मग हळू उचलायचा. गाडी निघाली — आणि मारुतीरावांच्या विडीची राखसुद्धा पडली नाही! (दम्याचा माणूस, पण विडी सुटत नाही.)

२ मार्च
निपाणीच्या डॉक्टरांनी आप्पांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन केलं. आता घरी न्यायचं, पण त्यांनी बजावलंय — डोक्याला हिसका बसला तर डोळा कायमचा जाईल. मारुतीरावांची मोटार, तेच हाकणार, म्हटल्यावर आप्पा तयार झाले. मारुतीरावांनी मला बाजूला घेतलं. "तूच हाक. माझा पाय तुझ्याएवढा हलका न्हाय. तोंडातनं चकार शब्द काढू नगंस." मला भीती वाटते. फार वाटते.

३ मार्च
आणलं! मागं आप्पा, डोळ्यांवर पट्टी. अंजनी त्यांचं डोकं मांडीवर धरून. मारुतीराव माझ्या शेजारी, तोंडात उपरणं कोंबून, तरी खोकत. तवंदीच्या चढावर तंबाखूची बैलगाडी आडवी आली. ऐन चढावर थांबलो. ओठ चावून पाय उचलला... जरा वेळानं मागून आप्पा म्हणाले, "सुटली काय वो गाडी, मारुतीराव? कळलंच न्हाय!" मला रडू येत होतं, आणि रस्ता तर बघायलाच हवा होता.

१३ मार्च
पट्टी सुटली. दिसतंय! आप्पांनी आधी अंजनीला पाहिलं, मग माझ्या पायांकडं पाहत राहिले. म्हणाले, "खोकला डावीकडनं येत व्हता. गाडी उजवीकडनं हाकत्यात."
"मग बोलला का न्हाईसा?"
"बोललो असतो तर तुझा पाय हालला असता रं."