टाकीत किती पाणी भरावे

मी, या कागदाच्या तळाशी डाव्या अंगठ्याचा ठसा उठवणारी, वय ऐंशीच्या आसपास, धंदा विमानांच्या शेडमध्ये शिवणे, गाळणे आणि बोलणे, हे मृत्युपत्र माझ्या तोंडाने सांगते आणि वकील त्यांच्या हाताने लिहितात. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी आज सकाळी मला वार विचारला, नातीचे वय विचारले आणि शंभरातून सात वजा करायला सांगितले. मी म्हटले, "आधी तुम्ही करून दाखवा." त्यांनी लगेच दाखला दिला. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करू पाहणारे एक माझे यजमान होते, ते आता नाहीत, आणि होते तेव्हा त्यांनाही ती जमली नाही. मला वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक कलम वकिलांनी मोठ्याने वाचून दाखवायचे ठरले आहे. वाक्य कुठे गुळगुळीत केले की माझ्या कानाला कळते.

कलम एक. माझ्यामागे दोन माणसे आहेत, जावई आणि नात. दोघे एका घरात राहतात, एका शेडमध्ये काम करतात आणि बोलतात माझ्यामार्फत. "आजी, बाबांना विचार, मोठा पाना कुठंय?" "आई, तिला सांगा, ठेवला तिथंच असेल." पाना दोघांच्या मधे पडलेला असतो. नातीने शर्यतीच्या विमानाचा परवाना काढला त्या दिवसापासून हे असे चालले आहे. मी गेल्यावर यांचे निरोप कोण पोहोचवणार, एवढ्या एका काळजीपोटी हा कागद केला आहे. बाकी सगळे नुसते सामान.

कलम दोन. राहते घर दोघांना निम्मे निम्मे. मधे भिंत घालायची झाली तर ती बरोबर स्वयंपाकघरातून जाते. शेगडी कोणाच्या वाट्याला येते ते भांडून ठरवा, पण तोंडाने भांडा. बँकेत जे काही असेल ते नातीला. शिवणयंत्रही तिलाच. तिला सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून मुद्दाम.

कलम तीन. पायांवर उभा राहणारा मोठा आरसा माझ्या नणंदेला. माझी मुलगी गेली तेव्हा ती भेटायला आली होती आणि चहा पीत म्हणाली, "पोरीच्या जातीला आभाळात पाठवलं की असंच व्हायचं." त्या वेळी घरात माणसे होती, म्हणून उत्तर आता देते. तिने या आरशासमोर उभे राहून तेच वाक्य एकदा पुन्हा म्हणावे, आणि मग आरसा खुशाल वापरावा.

कलम चार. माझ्या यजमानांनी शर्यतीची दोन विमाने बांधली, एक लाल आणि एक निळे. लाल विमान माझी मुलगी उडवायची. तिला आम्ही भिंगरी म्हणायचो. ती चालायला लागली तीच गोल गोल फिरत, आणि पुढे तेच तिचे काम झाले, मैदानातल्या उंच खांबांना जमिनीलगत वळसे घालत सगळ्यांच्या पुढे राहायचे.

वकिलांना हे माहीत नव्हते म्हणून सांगितले, आता लिहूनच घ्या. इंजिनातले पाणी निवायला रेडिएटरला वारा लागतो. तो वारा आत घ्यायला विमानाच्या पोटाला तोंड असते. तोंड मोठे ठेवले तर इंजिन थंड राहते आणि विमान रेंगाळते, छत्री उघडून पळणाऱ्या माणसासारखे. तोंड बारीक केले तर विमान सुसाट सुटते आणि इंजिन तापते. म्हणून आमच्याकडे तोंड बारीक ठेवायचे आणि वरून रेडिएटरवर पाण्याचा फवारा मारायचा. त्या पाण्याची वाफ होऊन विमानामागे पांढरी शेपटी निघते. शेपटी आहे तोवर टाकीत पाणी आहे. टाकीत पाणी जास्त घेतले तर ओझे, कमी घेतले तर धोका. फवाऱ्याची भोके सुईएवढी, एक कण अडकला तरी बंद. ते पाणी मी गाळायची. भिंगरीचा लहानपणचा मलमलीचा झगा धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झाला होता, तो मी गाळण्याला लावला होता. ती हसायची. "आई, तू इतकं गाळतेस की पाण्यात पाणी उरत नाही."

कलम पाच. त्या दिवशी काय झाले ते मी सगळ्यांना सांगितले आहे. म्हातारीचे बोलणे लोक वाऱ्यावर सोडतात, म्हणून आता शिक्क्याच्या कागदावर सांगते. टाकी भरायचे काम जावयांचे. ते नेहमी काठोकाठ भरायचे आणि त्यावरून नवराबायकोत कायम खटके उडायचे. त्याच्या आदल्या दिवशी जरा जास्तच उडाले होते. सकाळी भिंगरी पंखावर बसून पाय हलवत म्हणाली, "दोन कॅन कमी भर रे. वळणावर जड होतं." ते म्हणाले, "नाही." ती म्हणाली, "आयुष्यात एकदा तरी बायकोचं ऐक." त्यांनी ऐकले. मी शेजारी गाळत बसले होते. भांडण मिटले म्हणून दोघेही हसत होते, आणि मलाही बरे वाटले होते.

शेवटच्या फेरीच्या आधी शेपटी बारीक झाली आणि तुटली. खाली आम्ही पाहत होतो. जावई धावपट्टीकडे पळत सुटले, जसे काही ओरडले तर तिला ऐकू जाणार होते. लाल विमान सगळ्यांच्या पुढे होते. मग इंजिनाचा आवाज बसला, आणि वळणावर सावरायला खाली उंची नव्हती.

जावयांनी माझी मुलगी मारली असे जे म्हणतात, त्यांत सर्वांत पुढे खुद्द जावई आहेत. त्यांच्यासाठी लिहून ठेवते. इंजिनाच्या उष्णतेचा काटा तिच्या डोळ्यांपुढे होता. पाणी संपले की वेग कमी करायचा आणि उतरायचे, हे तिला तिच्या बापाने शिकवले होते. ती पहिली होती, तिने वेगाच्या दांड्यावरचा हात मागे घेतला नाही. कधीच घेतला नसता. मी तिला जन्म दिला आहे, मला तिचा हात ठाऊक आहे. दोन कॅन पाणी जास्त असते तर ती कदाचित आज असती. हेही खरे आहे, आणि ते मी खोडत नाही. पण ते पाणी तिने मागितले तेवढे होते, आणि त्यांनी दिले ते प्रेमाने दिले.

कलम सहा. तेव्हापासून जावयांच्या हातून कोणतेही भांडे कमी भरत नाही. बादली, किटली, माझ्या गोळीबरोबरचा पेला, सगळे काठोकाठ. पेला दोन्ही हातांत धरून पाय घासत ते माझ्या खाटेपाशी येतात. स्वयंपाकघरापासून खाटेपर्यंत फरशीवर रोज थेंबांची रांग पडते. मी आजवर "सांडलं" म्हटलेले नाही. नातीनेही म्हणू नये. एवढीच तिला आज्ञा आहे, बाकी तिने माझे काही ऐकले नाही तरी चालेल, तसेही ऐकत नाही.

कलम सात. निळे विमान नातीला. विमान जिथे उभे आहे ती शेड, तिच्या दाराच्या किल्लीसह, जावयांना. वकील म्हणाले, "आजी, असं केलंत तर तिला विमान बाहेर काढता येणार नाही, आणि त्यांना शेड रिकामी करता येणार नाही. दोघं अडकतील." मी म्हटले, "तुम्ही हुशार आहात." दोघांपैकी कोणीही आपला वाटा विकू नये, भाड्याने देऊ नये, कोर्टात जाऊ नये. दुसऱ्याच्या दारात जावे.

नातीने उडू नये असे जावईबापूंना वाटते. मलाही वाटते. रोज वाटते. पण ती पंखावर बसून पाय हलवायला लागली की मी मान फिरवते, आणि मान फिरवून पोर जमिनीवर राहत नाही.

कलम आठ. मलमलीचे गाळणे जावयांना. माझ्यानंतर पाणी त्यांनी गाळावे आणि टाकीही त्यांनीच भरावी. दुसऱ्या कोणी भरली तर नातीने विमानात बसू नये. शर्यतीच्या दिवशी निळ्या विमानाच्या टाकीत ................ पाणी भरावे.

ही जागा मोकळी ठेवली आहे. वकिलांनी खूप समजावले की मृत्युपत्रात अशी जागा सोडत नाहीत. "आजी, आकडा सांगा. काठोकाठ म्हणा नाहीतर दोन कॅन कमी म्हणा." मी सांगितला नाही. तो आकडा बापलेकीने समोरासमोर बसून ठरवायचा आणि दोघांनी मिळून इथे लिहायचा. तोवर हे कलम अपुरे समजावे. मीही तोवर अपुरीच गेले असे समजावे.

खाडाखोडीबद्दल. कलम पाचमध्ये "लाल" या शब्दावर शाई पसरली आहे. ते कलम वाचून दाखवत असताना जावई माझी गोळी आणि पेला घेऊन आले. त्यांनी पेला टेबलावर ठेवला तेव्हा पाणी कागदावर आले. ते म्हणाले, "आई, हे लिहायलाच हवं का?" मी म्हटले, "तोंडी तुम्ही ऐकत नाही." ते कागद पुसत राहिले. आठवे कलम वाचून होईपर्यंत पुसत होते, कागद केव्हाच कोरडा झाला होता. मग त्यांनी पेला पुन्हा भरून आणला, पुन्हा काठोकाठ. मी वाकून तसाच ओठ लावला आणि वरचा घोट घेतला, म्हणजे तो उचलता येईल. ते म्हणाले, "आई, तिला सांगा..." मी म्हटले, "जावईबापू, मी गेले असं समजा."

वकील म्हणतात, शब्द वाचता येतो. कागद बदलू नये.

लिहून ठेवणारीचा डाव्या अंगठ्याचा ठसा

साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. शेडचे रंगारी (सही)

आम्ही साक्षीदार लिहितो की, वरील ठसा बाईंनी आमच्यासमोर, मजकूर ऐकून व समजून उठवला. ठसा उठवताना त्यांचे जावई दारात उभे होते आणि नात समोरच्या शेडमध्ये काम करत होती. ठशाची शाई वाळली तेव्हा दारात कोणी नव्हते.

लेखक: वकील (सही)
स्थळ: शेडसमोरच्या घरातली खालची खोली
दिनांक: दोन फेब्रुवारी दोन हजार चोवीस, शुक्रवार