थांबा क्रमांक सात

अकोला,
११ मे २०२५

चि. किशोर यास देवमनकाकाचे आशीर्वाद.

तू अमरावतीत खुशाल असशील. तुझ्या बाबांचे, पंजाबरावांचे, गुडघे कसे आहेत ते कळव. आम्ही इथे पंचेचाळीस अंशात भाजून निघतो आहोत, बाकी ठीक. हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, म्हणून पाकिटात घालून पाठवतो. चौतीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, एक माझंही जाऊ दे.

तुझं ते वारसा-फेरीचं वेब अ‍ॅप बघितलं, प्रत्येक थांब्यावर कानात गोष्ट सांगणारं. 'अकोला, आपल्या पायांनी.' पहिल्याच पानावर हॅट घातलेली, पाठीला सॅक लावलेली एक गोरीपान पोरगी हसते आहे. जुन्या शहरात टपाल वाटताना अशी पोरगी मला कधी दिसली नाही, आणि मे महिन्यात असं हसताना तर कोणीच नाही. थांबा तीनवरून चारवर जाताना तुझा निळा ठिपका सरळ भिंतीतून जातो. थांबा पाचच्या 'शांत, सावलीच्या गल्लीत' तीन पिठाच्या चक्क्या दिवसभर धडधडतात. परवा नागपूरची दोन पोरं कानात इअरफोनची बोंडं खुपसून आली आणि तुझा वारसा बाजूला ठेवून आमच्या दारात थंड पाणी पिऊन गेली. शहर असं कळत असेल तर आम्ही पोस्टमननी उगाच चपला झिजवल्या.

तू म्हणशील, काका, चुका सांगा, दुरुस्त करतो. मला एकच सांगायची आहे. बाकीचं तुला हिणवायला लिहिलं, आणि थोडं वेळ काढायलाही.

थांबा क्रमांक सात. तुमची विहीर.

जानेवारीत अमरावतीला तुमच्या घरी बसलो होतो. तुझे बाबा बंगईवर झुलत होते, तू माझ्यासमोर मोबाइल धरला होतास. "काका, आमच्या विहिरीचं सांगा ना काही. पॉझिटिव्ह सांगा." पंजाबराव म्हणाले, "सांग ना देवमन, आबाच्या टाइमची विहीर हाय." माझ्या हातात तुझ्या आईने दिलेला चहा होता. ज्या घरचा चहा हातात आहे त्या घराचं उणं तिथे बसून काढायचं नाही, ही आपल्याकडची रीत. मी कपाकडे बघत सांगितलं की या विहिरीवर सगळ्या जातीचे लोक एकत्र पाणी भरायचे. तू खूश झालास. मागून बासरीसुद्धा लावलीस.

गेल्या महिन्यात माझी मुलगी भावना माझ्या मायला स्कूटीवर बसवून तिथे घेऊन गेली. "आजी, बाबांचा आवाज ऐक." माय शहाऐंशी वर्षांची आहे, पण कान शाबूत आहेत. तिने ते पूर्ण ऐकलं. घरी आल्यावर मला विचारलं, "तो आवाज तुयाच होय काय रे?"

"हो माय."

"मंग मी कोन्या विहिरीवर गेली होती?"

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. आज सोळा दिवस झाले.

आता खरं ऐक. १९६३ चा उन्हाळा. दीक्षा घेऊन आम्हाला सात वर्षं होत आली होती, तुमच्या विहिरीला ते कळलं नव्हतं. आमच्या बाया लांब घागरी मांडून बसायच्या. तुमच्यातलं कोणी आलं आणि मनात आलं तर वरून पाणी ओतायचं. मी सहा वर्षांचा, तापाने फणफणलेला, मायच्या मांडीवर. सकाळपासून कोणी ओतलं नाही. दुपारी तिने स्वतःच विहिरीत बादली सोडली. तुझे आजोबा खुशालराव धावत आले, तिची घागर फोडली, आणि गडी लावून दोन दिवस विहीर उपसली. सगळं पाणी नालीत. आम्ही तहानलेले ते बघत होतो. तुझे बाबा तेव्हा बारा वर्षांचे, ओट्यावर उभे होते. पुढे आम्ही दोघं एकाच पोस्टात लागलो, डबा वाटून खाल्ला. त्यांनी कधी तो विषय काढला नाही, मीही नाही. याला आम्ही मैत्री म्हणत आलो.

तुझ्या अ‍ॅपचं मला हसू येतं, किशोर. किळस येते ती माझ्या आवाजाची.

मी मायला म्हटलं, तू बोल, तुझा आवाज लावायला सांगतो. उत्तर भावनाच्या मार्फत आलं: "मी काहून सांगू? खोटं त्यानं सांगतलं, खरंबी त्यानंच सांगावं."

म्हणून येत्या रविवारी सकाळी आठला विहिरीवर ये. पंजाबरावांना घेऊन ये, त्यांच्यासाठी खुर्ची मी आणतो. जे घडलं ते मी त्यांच्यादेखत सांगेन आणि तू मध्ये न बोलता रेकॉर्ड करशील. माय येणार आहे, एवढंच भावना म्हणाली. तू आला नाहीस तर मी तिथे रोज उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेन. त्याला अ‍ॅप लागत नाही.

तुमच्या घरी लिहिलेल्या प्रत्येक पत्राच्या शेवटी मी आजवर 'नमस्कार' लिहिला. दुसरं काही लिहिलं तर पंजाबरावांना अवघडल्यासारखं होईल, असं वाटायचं. हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव, शेवटच्या ओळीसकट.

जय भीम.

केशरबाईचा मुलगा,
देवमन