दोन नंबरचं बटण

प्रिय बाई,

तुला पत्र लिहून उपयोग नाही हे मला कळतं. होतीस तेव्हासुद्धा तुला कुणीतरी वाचून दाखवावं लागायचं. पण आज सकाळी जे दिसलं ते तुझ्याशीच बोलायला हवं. वर्षभर मी तुझ्यावर, स्वतःच्या आईवर, रागावून होतो गं. आज माफी मागायला बसलोय.

राग कसला, ते तुला ठाऊक नसेल. त्या दुपारी तू ओट्यावर बसल्याबसल्या गेलीस. फोन मांडीवर होता, चार्जिंगही होतं, आणि तरी तू मला फोन केला नाहीस. शेजारच्या सुमनकाकूनं तुला पाहिलं, तिनंच मला कळवलं. मी नगरहून घोडेगावच्या पुढं गावात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मातीच्या दिवशी भेटेल त्याला मी एकच सांगत होतो, की बाईनं मला एक फोनसुद्धा केला नाही. तुझ्या थोरल्या लेकीनं, मार्थाताईनं, मला गप्प केलं, पण मनातून ते गेलं नाही.

तुझा जुना बटणांचा फोन आठवतो का? मागचं झाकण रबर लावून धरलेलं, वर लुगड्याच्या तुकड्याची शिवलेली पिशवी. तुला अक्षर एक येत नव्हतं, पण आकडे पक्के होते. ते तू चर्चमधल्या गाण्यांच्या पाटीवरून शिकलीस. रविवारी पाळकसाहेब पाटीवर आकडे लावायचे आणि बाकीचे पुस्तकात पान शोधेपर्यंत तुझी पहिली ओळ सुरू झालेली असायची. गाण्यांना नंबर होते, म्हणून तू माणसांनाही नंबर दिलेस. दोनचं बटण धरून ठेवलं की मी, तीनचं धरलं की मार्थाताई, चारवर पाळकसाहेब. आणि एक कुणाचा, असं मी विचारलं होतं.

"एक देवाचा," तू म्हणालीस. "त्याला फोन लागत न्हाई, पर ठिवायचा."

मला मात्र त्या फोनची लाज वाटायची. मी माझा फोन दर दोन वर्षांनी बदलणारा माणूस. कधी कॅमेरा चांगला आला म्हणून, कधी नुसताच कंटाळा आला म्हणून. नाताळाला घरी आलो तो तुझ्यासाठी नवा कोरा मोठ्या स्क्रीनचा फोन घेऊनच. आणि नेमका त्याच दिवशी 'जुने, बंद मोबाईल द्या, टब घ्या' असं ओरडत मोटरसायकलवाला गल्लीत आला. मी तुझा फोन त्याला देऊन टाकला आणि एक लाल टब घेतला. बंद कुठं होता गं तो? चांगला चालत होता. तू दारात उभी होतीस.

"नको ना देऊ, दान्या. त्याच्यात तुमी दोघं हायेत."

मी हसलो. नंबर सिममध्ये असतात, असं तुला समजावून सांगितलं. केवढा शहाणा मी!

नव्या फोनवर माझा फोटो लावून दिला. फोटो दाबायचा, मग हिरवं बटण, की मी बोलतो. पण तुला बटण धरून ठेवायची सवय. फोटो धरून ठेवला की तो जागचा हलायचा, आणि एके दिवशी तो कुठं गेला ते तुलाही कळलं नाही. मी फोनवरच चिडलो. बाकीच्या बायकांना जमतं, तुलाच कसं जमत नाही, असं बोललो. त्यानंतर तू आपणहून फोन करणंच सोडलंस. मी केला की उचलायचीस. व्हिडिओवर तुझं अर्धं कपाळ आणि वरचे पत्रे दिसायचे, आणि आम्ही सगळे हसायचो. तूही हसायचीस, पण तुला वाईट वाटत असेल का, हे मी कधी विचारलं नाही.

ईस्टरला तू म्हणालीस, या फोनच्या आकड्यांतही मला तेवढं दोनचं बटण बसवून दे. दोन मिनिटांचं काम होतं, बाई. बघतो म्हणालो. नंतर दोनदा येऊन गेलो, जेवलो, ताकाची बाटली घेऊन गेलो, आणि बघितलं नाही.

आज तुझा तो फोन रूथला द्यायला कपाटातून काढला. तुझी नात आता कॉलेजला जाते, तिचा फोन पडून फुटला. तिनं तो चार्ज केला, आतलं सगळं पुसून टाकायला बसली आणि मधेच थांबली.

"पप्पा, आजीनं हा नुसता दोन नंबर कुणाला लावलाय?"

मी फोन हातात घेतला. त्या दुपारचेच कॉल होते. 2. 2. 2. सात वेळा नुसता दोन. मग एकदा तीन. मग परत दोन, आणि परत दोन.

तू दोन धरून ठेवलास. लागला नाही म्हणून मी शिकवलेलं हिरवं बटणही दाबलंस. तुझं काही चुकलं नव्हतं गं! पलीकडून तो रेकॉर्ड केलेला आवाज बोलला असेल, नंबर तपासून पाहा म्हणून. तुला काय वाटलं असेल? दान्या उचलत नाही, असं? मी इकडं वर्षभर म्हणत राहिलो की तू फोन केला नाहीस, आणि तू गेलीस ती मी उचलला नाही असं समजून. हे मला सहन होत नाही.

आणि सुमनकाकूला हाक का मारली नाहीस? दहा पावलांवर तिचं दार. दुपारची तिची झोप मोडायला नको, असंच ना? तसलीच होतीस तू.

रूथला मी दुसरा फोन घेऊन देईन. हा आता कुठंही जाणार नाही, कुणाला द्यायचा नाही, त्यातलं काही पुसायचं नाही. रूथचं सिम त्यात घालून दोनचं बटण मी आजच बसवलं. मग अंगठा त्यावर धरून ठेवला. माझ्या खिशातला फोन वाजला, आणि मी उचलला.

येत्या रविवारी तुझ्या वर्षाची प्रार्थना आहे. मातीच्या दिवशी ज्यांना ज्यांना मी तुझ्याबद्दल बोललो, ते बहुतेक सगळे तिथं असतील. त्या गाण्यांच्या पाटीशेजारी उभा राहून मी सगळ्यांना सांगणार आहे, की बाईनं मला फोन केला होता. नऊ वेळा केला होता.

तुझा,
दोनच्या बटणावरचा
दान्या