मेलेल्याला विचारा

४ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं बरं चाललं असणारच. आपल्या शेजारचा शिंपी काल कोर्टाच्या कामाने इकडे आला होता. माझ्याकडे चहा घेतला आणि जे सांगितलं त्याने माझं जेवणावरचं मन उडालं. म्हणे तू बाबांचे वस्तरे कपाटात कुलूपबंद केलेस. म्हणे बाबा सलूनच्या दाराशी स्टुलावर बसून असतात, गिऱ्हाइकाला 'या' सुद्धा म्हणत नाहीत. ज्या माणसाने उभा जन्म उभं राहून काढला, त्याला तू बसवलंस.

आई गेल्यावर त्यांना त्या खुर्चीशिवाय दुसरं होतं काय? मी वकील आहे, शब्द तोलून वापरतो. याला पितृहत्या म्हणतात. वस्तरे परत दे.

लोभही आहे, पण आज राग वर आहे.

तुझा भाऊ

९ जानेवारी

चि. वकीलसाहेबांस आशीर्वाद. (धाकटा आहेस, द्यावेच लागतात.)

तुझं पत्र दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये वाचलं आणि दुसऱ्याला थांबवून आधी तोंडावर पाणी मारलं. रागात वस्तरा धरू नये, हे मला बाबांनीच शिकवलंय.

शिंपीदादांनी हे सांगितलं का, की बाबांचा हात थरथरतो? की समोरच्या दुकानातल्या चष्मेवाल्याला कानापासून हनुवटीपर्यंत कापलं, आणि तो भला माणूस तुरटी लावून घेऊन गप्प घरी गेला? त्यानंतर बाबांची खुर्ची रिकामी असली तरी लोक बाकावर पेपर धरून बसायला लागले. ताईसाठी थांबतो म्हणायचे. बाबा फडका झटकून उभे राहायचे आणि कोणी उठायचं नाही. मला ते बघवेना. एका सकाळी कुलूप घातलं आणि लोकांना सांगितलं, बाबांच्या डोळ्यांचं काहीतरी निघालंय.

तू पाहुण्यासारखा येतोस, बाबांच्या पाया पडतोस आणि आमच्याच कंगव्याने भांग पाडून जातोस. त्यांच्या शर्टाची बटणं कोण लावतं, विचारलंस कधी? दुरून डोंगर साजरे, वकीलसाहेब. आणि शब्द सुचला तो कोणता! आपल्या घरात कोणी फारच चिडलं तर 'जीव घेतोस का' म्हणतं. तुझा शब्द पेपरातला आहे. तो मला घरच्या पत्त्यावर पाठवायला तुझी जीभ रेटली कशी?

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

ताई

१५ जानेवारी

ती. ताईस सा. न.

पेपरातला का असेना, शब्द मी जाणून वापरला. आमच्या कायद्यात खून तो खून. मेलेला मारणाऱ्याचा कोण लागत होता, हे कलम विचारत नाही. तरी लोकांनी हा वेगळा शब्द जपून ठेवलाय, कारण परक्याला तो गुन्हा करताच येत नाही. त्याला पोटचंच माणूस लागतं. ज्याच्यापुढे आपण बेसावध मान टेकतो त्यानेच घात केला, तर नुसतं 'खून' म्हणून भागत नाही.

हात थरथरला म्हणून माणूस संपत नाही. बाकावरचे ते भित्रे बसू देत. मी बाबांपुढे डोळे मिटून बसेन.

लोभ तुझ्या मर्जीवर.

भाऊ

२१ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे. का ते तुम्ही एकमेकांना कळवलंच आहे. ताई तुझी पत्रं आरशामागे खोचते आणि आरसा रोज मी पुसतो. तिने काय लिहिलं ते तुझ्या उत्तरावरून कळतं.

एका शब्दावरून एवढे भांडलात. अरे, मेलेला मी ना? मग मला कोणी विचारलं? ही कुलूप घालते आणि लोकांना डोळ्यांचं सांगते. माझे डोळे ठणठणीत आहेत. बाकावरच्या माणसांची तोंडं मला हिच्या आधी दिसली. तू तिकडे बसून माझ्या नावाने गळा काढतोस. मला वस्तऱ्याचा राग नाही. माझ्याच घरात मी नसल्यासारखं माझं ठरवलंत, याचा आहे. लहानपणी तुमचे केस कापताना सुद्धा मी विचारायचो, किती ठेवू म्हणून.

किल्ली मी मागितली. हिने दिली, गाल फुगवून. डोळे मिटून बसणार आहेस, तर रविवारी ये. दाढी वाढवून ये. मी करीन.

बाकी भेटीअंती.

तुझा बाप (हयात)

३० जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

स्टँडवर तू विचारलंस, आत काय झालं, आणि मी गाडीचं निमित्त करून सटकलो. आता सांगतो.

बाबांनी तुला बाहेर काढून कडी लावली. चामड्याच्या पट्ट्यावर धार लावताना त्यांचा हात पूर्वीसारखाच चालला. फेसही झकास काढला. गाल कसेबसे झाले. मग त्यांनी माझी हनुवटी वर केली. आरशात पात्याचं टोक हलताना दिसत होतं. डोळे मिटायचं लिहून दिलं होतं मी, पण ते मिटेनात. गळ्याला पातं लागण्याआधी बाबा थांबले. म्हणाले, "थांबू?"

कोर्टात मी तास तास बोलतो, ताई. त्या खुर्चीत दोनच शब्द निघाले. "थांबा, बाबा," म्हणालो.

त्यांनी पातं पुसलं, मिटलं आणि बशीत ठेवलं. "एवढंच तोंडावर म्हणायचं होतं रे. तिलाही जमलं नाही आणि मी विचारेपर्यंत तुलाही." मला वाटलं रडतील. पण त्यांना राग आला होता आणि तो त्यांना शोभत होता. कडी काढून त्यांनी तुला हाक मारली, आणि तू काही न विचारता माझ्या गळ्यावरची दाढी पुरी केलीस. त्या वेळी ते दाराशी उभे राहून चष्मेवाल्याला 'या' म्हणत होते.

तू माझ्यावर भडकलेली होतीस. आणि वस्तरा माझ्या गळ्यावर होता. जिला मी तो शब्द लिहिला तिच्यापुढे मान टेकली, आणि माझे डोळे आपोआप मिटले.

लोभ असावा म्हणायला तोंड नाही. राग आहे तो समोर काढ, मी रविवारी येतोय.

तुझा धाकटा