खांदेकरी

प्रिय बबडे,

बिस्किटं खाण्याआधी हे वाच, आणि पुडीसोबत बांधलेल्या छोट्या बाटलीचं बूच एवढ्यात उघडू नकोस. केबलच्या पाइपातून हे सगळं खाली सोडताना बाबांनी दोरीला इतक्या गाठी मारल्यात की सोडवता सोडवता तुझा जीव मेटाकुटीला येईल. बाटलीत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. तुझ्याशी बोलता येत नाही म्हणून हे पत्र. पाइपाला तोंड लावून नुसती हाक मारली तरी जमीन थरथरते आणि ते मोठ्या जबड्यांचे भालदार पंपघराच्या दाराशी गोळा होतात, हे तू पहिल्याच दिवशी अनुभवलं आहेस.

तुझी चिठ्ठी मिळाली. पाणी पुरतंय, टॉर्च चालतोय, मोटारीला टेकून झोपल्यामुळे मान धरली आहे, हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं. दाराखालून सतत खरवडल्याचा आवाज येतो, हे मात्र गाळलं. ते आज सकाळी तुझ्या खोलीतल्या पंख्याला तेल घालत होते. पंखा करकरत नव्हता.

जेवायला बसलं की तुम्हा बापलेकींचा हुकूम असायचा, आईने प्रयोगशाळेतले किडे ताटापाशी आणायचे नाहीत. इतकी वर्षं मी मुकाट्याने जेवले. आता तुला उठून जाता येत नाही, तेव्हा ऐकून घे.

सगळं गाव त्यांना पाहुणे म्हणतं. बोलावलं कुणी नव्हतं, कुठल्या ग्रहावरून आले ते कळत नाही आणि जायचं नाव काढत नाहीत. गावाखाली त्यांनी वारूळ केलं आणि तू दुरुस्तीला खाली उतरलीस त्याच दिवशी पंपघराचा बोगदा घशात घातला. पण सगळे पाहुणे सारखे नसतात. त्यांच्यात जाती आहेत. ज्याचं जे काम, तसंच त्याचं शरीर, आणि दुसरं काम त्याला मरेपर्यंत जमत नाही.

तुझ्या दाराशी खरवडतात ते खोदे. त्यांना डोळे नसतात, पुढचे पाय फावड्यासारखे. तुझ्याशी त्यांचं काही वाकडं नाही. पुढे लोखंड आलं, म्हणून लोखंड खरवडतात. खोटं सांगत नाही, दार फार टिकणार नाही. त्यांच्या मागे भालदार, वासराएवढे. जबडा इतका मोठा की स्वतःच्या तोंडात घास घालता येत नाही, दुसऱ्याने भरवावं लागतं. घरातल्या कुणाची आठवण आली तर मनात ठेव. चावतात ते हेच, आणि हलेल त्याला चावतात. बोगद्याच्या तोंडाशी दारवान. त्याचं डोकं थाळीसारखं सपाट, भोकात घट्ट बसवलेलं, तेच दार. ओळखीचा वास आला तर मागे सरकतो, नाहीतर ढिम्म. बचाव पथकाने गोळ्या घातल्या तर तो तसाच अडकून मेला आणि त्याच्यामागे दुसरा येऊन बसला. पथकाचे प्रमुख रोज येतात, चहा पितात, मान हलवून जातात. माणूस भला आहे, पण त्याला उपाय सापडत नाही.

राहिले खांदेकरी. हे नाव माझं. कुत्र्याएवढे, बोथट जबड्याचे. मेलेला उचलून बाहेरच्या ढिगावर टाकायचा, याखेरीज त्यांना काही येत नाही, आणि मेलेला ओळखतात तो फक्त वासाने. मेल्यावर पाहुण्यांच्या अंगातून एक तेल सुटतं. आम्ही प्रयोगशाळेतल्यांनी ते एका धडधाकट भालदाराला लावलं. खांदेकऱ्यांनी त्याला उचललं. तो पाय झाडत होता, तरी ढिगावर नेऊन टाकलं. तो तरातरा परत गेला, तर पुन्हा आणून टाकलं. तेल वाळेपर्यंत तो मेलेलाच. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. मेलेल्याच्या वाटेत कुणी येत नाही. भालदार बाजूला होतात, दारवान डोकं मागे घेतो.

बाटलीत तेच तेल आहे. दाराखाली हात जाईल एवढी फट पडली की केसांपासून तळपायापर्यंत लाव आणि दारापासून लांब आडवी हो. वास भयंकर आहे, ओकारी आली तर आधीच काढून टाक. दार पडलं की भालदार अगोदर येतील, तोंडावरून मिशा फिरवतील. श्वास हळू घे, डोळे मीट, अंग सैल सोड. मग चौघं खांदेकरी उचलतील. काखेतून धरतात. डॉक्टर थर्मामीटर लावायचे तेव्हा गुदगुल्यांनी तू लोळायचीस आणि दोघांनी धरावं लागायचं, हे मी विसरलेले नाही. या वेळी ओठ चावून धर. पाठ खरचटेल, खरचटू दे.

भालदारावर चाललं ते माणसावर चालेल कशावरून, असं तू विचारशीलच. प्रमुखांनीही विचारलं. माणसावर करून पाहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी साफ मनाई केली. तुझ्या जागी मी असते तर नुसत्या आईच्या शब्दावर हे धाडस केलं नसतं. म्हणून काल कुणाला न सांगता मी तेल लावलं आणि दारवानासमोर, ढिगाच्या वाटेवर आडवी झाले. दोन भालदार येऊन हुंगून गेले. भीती वाटली, फार वाटली. पण मी मेलेलीच राहिले आणि चौघांनी मला ढिगावर नेऊन टाकलं. खांदा सुजलाय. बाबांना जिन्यावरून पडले म्हणून सांगितलंय. तेव्हा हे आता अंदाजाने लिहीत नाही, स्वतः जाऊन आल्यावर लिहिते आहे. फट पडली की उशीर करू नकोस. आजपासून मी ढिगाशीच बसणार आहे. मी हाक मारेपर्यंत हलू नकोस, आणि हाक मारली की ताबडतोब ओ दे. तुझ्या स्वभावाप्रमाणे तेवढ्यात माझी गंमत करायला जाऊ नकोस, बाळा. ती मला सोसणार नाही.

ढिगाशी बसलेली,
तुझीच आई