कपाटातील पंख्याच्या आवाजाचा पंचनामा

दि. ६ एप्रिल २०२५, रविवार

मी, व्यंकट गणपती सोनकांबळे, वय अठ्ठ्याहत्तर वर्षे, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, सेवानिवृत्त कोतवाल, राहणार मुदखेड, जिल्हा नांदेड, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहितो की, आज माझ्या घरी कॅसेट वाजविण्याचे यंत्र व ॲम्प्लिफायर सुरू झाले. चिरंजीव रविकांत याने लातूरहून आणून दिले. धूळ लागू नये म्हणून दोन्ही वस्तू काचेच्या कपाटात ठेवल्या आहेत. खाली ॲम्प्लिफायर, त्याच्यावर कॅसेटचे यंत्र. कपाटाची चावी माझ्याकडे राहील.

कॅसेट एकच आहे. माझी पत्नी नागूबाई हिने सन १९९४ मध्ये म्हटलेली पाळण्याची गाणी. पुतण्या विनोद याने ती घरातच टेप केली. मी त्या वेळी बाहेर ओट्यावर होतो. गाणी संपल्यावर ती विनोदशी काही वाक्ये बोलते. ती मला आजवर समजली नाहीत. तिच्या हयातीत एकदा विचारले होते. म्हणाली, "मीठ संपलंय म्हणले असंन, दुसरं काय."

तिला जाऊन दोन वर्षे झाली. ती वाक्ये मिठाची नाहीत, असे माझे मत आहे.

दि. ७ एप्रिल

वाक्ये समजली नाहीत. ॲम्प्लिफायरच्या आत लहानसा पंखा आहे. तो फार घरघरतो.

दि. १० एप्रिल, गुरुवार

नांदेडहून मल्लिनाथ मेकॅनिक आला. वय सुमारे चाळीस, बोलणे मोकळे, हात स्वच्छ. जुना पंखा त्याने काढला. बोटाने फिरवून म्हणाला, "काका, हा पंखा हाय का गिरणी?" त्या जागी मोठा पंखा बसविला. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा देतो, म्हणून आवाज कमी, असे त्याने समजावून सांगितले. चारही कोपऱ्यांना रबर लावले. कपाटाच्या मागच्या फळीला भोके पाडण्याची परवानगी मागितली, मी दिली.

जाताना म्हणाला, "पंखा बंद पडला तर पेटी लई तापंल. कपाट लावलेलं असताना तर मुळीच चालवू नका."

तो गेल्यावर दारे-खिडक्या लावून ऐकत बसलो. घरघर गेली. परंतु एक बारीक घूं शिल्लक आहे. नागूबाई बोलू लागते आणि घूं मध्ये येते.

दि. १४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी वंदनेस गेलो. रस्त्यावर दिवसभर डीजे. गर्दीत घूं आठवलेही नाही.

रविकांतची कन्या समीक्षा लातूरहून आली आहे. तलाठी परीक्षेचा अभ्यास करते. वडिलांचा निरोप घेऊन आली: "बाबांना म्हणावं, कॅसेट मोबाईलवर उतरून घ्या." मी सांगितले, मूळ दस्त तो मूळ दस्त. नकलेवर माझा विश्वास नाही.

दि. १७ एप्रिल, गुरुवार

मल्लिनाथने दुसऱ्यांदा पंखा बदलला. घूं कायम.

तो कपाटाला कान लावून बराच वेळ बसला. मग म्हणाला, "काका, मला तर कायबी ऐकू येऊन नाही राहिलं."

मी म्हणालो, तुला कसे येईल, माल तुझा आहे. हे शेजारच्या केवळाबाईसमक्ष बोललो. नकली माल देतोस, असेही बोललो. त्याने पेचकस पुसून पिशवीत ठेवला. चहा घेतला नाही.

दि. २० एप्रिल, रविवार

वादाचा निकाल लावावा म्हणून रीतसर पंचनामा केला. तलाठी साहेबांच्या मागे चौतीस वर्षे चाललो, शेतांचे, पडलेल्या घरांचे, बुडालेल्या माणसांचे पंचनामे पाहिले. पंच क्र. १ केवळाबाई, पंच क्र. २ समीक्षा. दोघींनी कॅसेट चालू असताना कपाटाजवळ बसावे, आपसांत बोलू नये, जे जे ऐकू येईल ते कागदावर द्यावे, असे सांगितले. पंचांवर दडपण नको म्हणून मी स्वतः बाहेर ओट्यावर बसलो.

केवळाबाई अर्ध्यातूनच उठून आल्या. "भाऊजी, माझं दूध उतू चाललंय. पंखा गप हाय तुमचा. नागूबाईचाच गळा येऊन राहिलाय नुसता. मला बसवंना तिथं." अंगठा देऊन गेल्या.

समीक्षा शेवटपर्यंत बसली. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. कागद दिला. पहिली ओळ वाचली: "पंख्याचा कोणताही आवाज येत नाही." कागदाची घडी घातली.

"आजोबा, खाली अजून लिहिलंय. सगळं वाचा."

मी नकार दिला. घरच्याच माणसाने विरुद्ध साक्ष दिल्यावर पुढे वाचण्यासारखे काय राहते? कागद ट्रंकेत टाकला.

दि. २१ एप्रिल

समीक्षा लातूरला गेली. पाया पडताना पुन्हा म्हणाली, "वाचा बरं का."

दि. २३ एप्रिल, बुधवार

जे घडले ते जसेच्या तसे लिहितो.

दुपारी एक वाजता मी पंख्याच्या पात्यात झाडूची काडी खुपसून तो बंद केला. धूळ जाऊ नये म्हणून कपाट लावले. फीत जुनी असल्याने पुढे पळविली नाही, पहिल्यापासून लावली. ऊन फार होते.

पंखा बंद असूनही घूं चालू होते. मी आवाज वाढविला. घूं चालूच. आणखी वाढविला. जळका वास आला. नागूबाईचा आवाज जाड झाला, पुरुषासारखा, आणि थांबला.

मी वीज बंद केली. कपाटातील यंत्रे, दिवा, छताचा पंखा, सर्व बंद केले. खोलीत काहीही चालू नव्हते.

घूं चालू होते.

मी तसाच बसून राहिलो. ते यंत्रात नाही. ते माझ्या डोक्यात आहे.

दि. २४ एप्रिल, गुरुवार

मल्लिनाथला फोन केला. येणार नाही असे वाटले होते. अकराच्या गाडीने आला. कॅसेटचे कवच वाकले आहे. फितीचे वेढे आत एकमेकांस चिकटून तिचा गोळा झाला आहे. त्याने चिमट्याने तासभर प्रयत्न केला. तुकडे निघाले.

"न्हाई जमत, काका." मग ॲम्प्लिफायर उघडले. "पंख्यात काडी कुणी घातली?"

चौतीस वर्षांच्या सेवेत मी खोटी साक्ष दिली नाही. म्हणालो, मी घातली. हेही म्हणालो की, तुझा माल खरा होता, दोष माझ्या कानांचा आहे, आणि दि. १७ रोजीचे शब्द मी केवळाबाईसमक्ष परत घेतो. केवळाबाईंना हाक मारून आणले व परत घेतले.

मल्लिनाथ म्हणाला, "ऱ्हाऊ द्या हो काका. चहा ठेवा." दोन कप घेतला.

दि. २५ एप्रिल, शुक्रवार

ट्रंक उघडून समीक्षाचा कागद पूर्ण वाचला. पहिल्या ओळीखाली लिहिले आहे:

"गाणी संपल्यावर आजीचे बोलणे, जसे ऐकले तसे: 'इनोद, कर बंद आता. लई मोठ्यानं म्हणले का रे? ह्यायला ओट्यावर ऐकू जावं म्हणून म्हणले. कानानं कमी येऊन राहिलंय त्यायला, लई दिवसापासून. पण बोलू नको कुठं. चार लोकांत मान हाय त्यायचा.'"

पंचनामा बरोबर आहे. मला मान्य आहे.

समक्ष साक्षीदार:
१) केवळाबाई, शेजारी
२) समीक्षा रविकांत सोनकांबळे, नात
३) कालकथित नागूबाई व्यंकट सोनकांबळे