कुलूपबंद पान

४ नोव्हेंबर, तांपेरे

नोकरीचा पहिला दिवस मजेत गेला. आमचा प्रमुख तार्मो वेलदोड्याचे गोड पाव घेऊन दारातच उभा होता. दारावर माझ्या नावाची पाटीही लागली होती: आइला. काम माझ्या आवडीचं. मेमरीची चिप कुठे बिघडली, की ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने, मेमरीचा तेवढा तुकडा, त्याला पान म्हणतात, कायमचा कुलूपबंद करायचा. एखाद्या प्रोग्रामच्या माहितीची एकुलती एक प्रत त्या पानावर असली, तर तो प्रोग्राम मारायचा, पण चुकीचा आकडा पुढे जाऊ द्यायचा नाही. मला माझ्याआधी इथे काम करणाऱ्या ओर्वोक्कीची खुर्ची मिळाली, आणि तिचं मशीनही. मार्चमध्ये तळ्यावरचा बर्फ फुटून ती बुडाली. तेव्हापासून ते मशीन कुणी बंद केलेलं नाही.

११ नोव्हेंबर

कॉफीला बसलं, की ओर्वोक्की. आज मी एक अवघड दोष शोधला, तर तार्मो म्हणाला, "वा, आइला! अगदी ओर्वोक्कीसारखं!" मेलेल्या बाईचा काय हेवा करायचा, असं स्वतःला बजावते. पण पोटात दुखायचं ते दुखतंच.

१८ नोव्हेंबर

तिने कुलूप लावलेलं एक पान सापडलं. शेजारी टीप: 'चिप ठणठणीत आहे. तरी उघडू नका.' ठणठणीत, तर कुलूप कशाला? तिची चूक सापडली म्हणून इतका आनंद झाला, की माझीच मला लाज वाटली. चाचण्या घेतल्या, सगळ्या बिनचूक. कुणाला न विचारता पान उघडलं आणि वापरात सोडलं.

२० नोव्हेंबर

ही रोजनिशी मी त्याच मशीनवर लिहिते. ११ तारखेच्या नोंदीत माझ्या नावाच्या जागी तिचं नाव होतं. दुरुस्त केलं. जेवून आले, तर पुन्हा तेच. पुन्हा दुरुस्त केलं. मशीन म्हणतं, मेमरीत एकही चूक नाही. आता सगळं वहीत उतरवून घेते.

२३ नोव्हेंबर

तार्मोने हाक मारली, ओर्वोक्की, कॉफी घेतेस ना? वाटलं, जीभ घसरली. पण कुणी हसलं नाही. कुणी दचकलंही नाही. दारावरच्या पाटीवरही तिचंच —

२४ नोव्हेंबर

आईला फोन केला. आवाज ओळखला नाही तिने. मी आइला बोलतेय म्हटलं, तर हुंदकाच फुटला तिला. "कोण तुम्ही? लाज नाही वाटत? माझी पोर मार्चमध्ये बर्फाखाली गेली हो!" तिने फोन ठेवला.

२५ नोव्हेंबर

कॉफीला आइलाच्या आठवणी. किती हुशार, किती हसरी. मी जिवंत — मी आइला असताना असं कुणी कधी — आणि जळफळाट झाला माझा. तिच्यावर. माझ्याच —

२६

पान परत कुलूपबंद करतेय. त्यावर जे कोण असेल, बहुतेक मीच, ते आधी मरेल. माहीत आहे. बटणावरचं बोट उचलत नाही. तार्मो पाठीशी उभा. म्हणतोय, आइलाने हे केव्हाच केलं असतं —

नाही. तिच्याआधी मी कुलूप ला—